धुराड्यातला दिवा

रासिवारा गावात तुओवी केत्तुनेन रस्त्याने निघाली की माणसं तिच्या काळ्या कोटाच्या पितळी बटणाला बोट लावून जायची. धुराडी साफ करणाऱ्याच्या बटणाला हात लागला की दिवस चांगला जातो, ही तिथली जुनी समजूत. बाजाराला निघालेले म्हातारे लावायचे, परीक्षेला निघालेली पोरं लावायची, आणि लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुली तर चर्चच्या पायऱ्या उतरून, पांढऱ्या झग्याला काजळी लागेल याची फिकीर न करता तिला गाठायच्या. तुओवी करवादायची. बटणं झिजवलीत माझी, म्हणायची, नशीब एवढं हवंय तर लाकडं नीट वाळवत जा. पण म्हणताना उभी राहायची, कोट जरा पुढे करायची. तिचं स्वतःचं बरं व्हायला मात्र त्या बटणांनी कधी काही केलं नाही.

तिचा बाप आर्मास याच पंचक्रोशीतली धुराडी साफ करायचा. गाव त्याला मास्तर म्हणायचं. रशियाशी युद्ध पेटलं, बापाच्या हाताखालची माणसं सीमेवर गेली, बापाला खोकल्यामुळे शिडी चढवेना, तेव्हा तुओवीने त्याची विजार कमरेला दोरीने आवळली आणि ती छपरावर चढली. युद्ध संपलं, परत यायचे ते पुरुष परत आले, पण तिच्या हातातला ब्रश काढून घ्यायची कोणाची छाती झाली नाही. बाप गेल्यावर 'मास्तर' ही हाकही तिच्याकडेच आली, आणि बाईमाणसाला मास्तर म्हणण्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. लग्नाचं तेवढं राहून गेलं. कोणी विचारलंच तर म्हणायची, मला रोज आंघोळीला इतका वेळ लागतो, संसार कधी करू?

बापानंतर तिने हाताखाली माणसं घेतली, त्यांना शिकवलं, पण ती सगळी दुसऱ्यांच्या कामी आली. जो तयार व्हायचा तो दक्षिणेला जाऊन परीक्षा द्यायचा आणि पास झाला की पेटी भरायचा. कोणी हेलसिंकीला गेला, कोणी समुद्रापलीकडे स्वीडनला. नाहीतरी त्या वर्षांत सगळं गावच चाललं होतं. शाळेचा एक वर्ग बंद झाला, मग दुसरा. लाकडाची गिरणी बंद पडली. तुओवीचे गुडघे आता शिडीच्या प्रत्येक पायरीला कुरकुरत होते, आणि आपल्यामागे या धुराड्यांकडे कोण बघणार, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता. बाकी कशाची चिंता तिला नव्हती.

अशात इल्पो हुओविनेन आला. गिरणीतून सुटलेला, चाळिशीचा, खांद्याने रुंद, पोटाने त्याहून रुंद. त्याला पाहून तुओवीने कपाळावर हात मारला.

"धुराड्यात अडकलास तर तुला वरून ढकलायचं की खालून ओढायचं?"

"खालून ओढा, मास्तर," इल्पो म्हणाला. "जेवण खालीच असतं."

तेव्हापासून तो तिचा झाला. त्याचा भाऊ स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात होता. ये, म्हणून बोलवत होता. इल्पोची बायको मार्केत्ता मनाने निम्मी तिकडे गेलेलीही होती, कारण तिकडे नळ सोडला की गरम पाणी येतं असं तिने ऐकलं होतं. पण इल्पोने घर स्वतःच्या हाताने बांधलं होतं, ओंडका ओंडका तासून. ते सोडून जायची त्याची तयारी नव्हती. वसंतात परीक्षा, पास झाला की मास्तरचं काम त्याच्याकडे, असं ठरलं. मार्केत्ताने तोवर थांबायचं कबूल केलं. तुओवी कितीतरी वर्षांनी कामावरून येताना गुणगुणायला लागली.

शिकवताना मात्र ती कोणाची गय करायची नाही. सगळ्यात आधी ती शिष्याला न्यायची ते जळून गेलेल्या एका जुन्या घराच्या जागी. घर कधीच गेलेलं, रानात नुसतं धुराडं उभं. तिथे उभी राहून ती त्यांना आतली काजळी दाखवायची. लोक ओली लाकडं जाळतात, वर हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवतात. तो धूर वर जाता जाता गार पडतो आणि डांबरासारखा विटांना चिकटतो. थरावर थर चढतो, इतका गुळगुळीत की ब्रश त्यावरून नुसता घसरतो. मग एखाद्या दिवशी ठिणगी तिथवर पोचते आणि धुराडंच पेटतं. घर थरथरतं, वरून ज्वाळा निघतात, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप शांत होतं. आत बघावं तर काजळी गेलेली. आणि इथेच रासिवाराचे लोक फसायचे. बरं झालं, म्हणायचे, जळून साफ झालं, मास्तरला बोलवायला नको. काही जण तर गालात हसत सांगायचे.

"साफ झालेलं नसतं ते," तुओवी इल्पोला म्हणाली. "मेलेलं असतं. आतली वीट लाल होऊन फुगते, बाहेरची गारच असते. एक ताणते, दुसरी हलत नाही. मग मधला सांधा फाटतो. खोलीत बसलेल्याला त्यातलं काही दिसत नाही. पुढचा जाळ त्या फटीतून माळ्यावर जातो, आणि माळ्यावर काय असतं?"

"भुसा," इल्पो म्हणाला. थंडी अडवायला तिकडे माळ्याच्या जमिनीत लाकडाचा भुसा आणि वाळलेलं शेवाळ भरतात. त्याच्याही घरात होतं.

फट शोधायची तिची पद्धत बापाची होती. एकाने छपरावर चढायचं, रॉकेलचा कंदील दोरीला बांधून धुराड्यात सोडायचा. दुसऱ्याने माळ्यावर जायचं, झरोका बंद करायचा आणि काळोखात धुराड्याभोवती फिरत विटांकडे बघत राहायचं. सांधा फाटलेला असेल तर त्यातून उजेडाची रेघ दिसते, केसाएवढी का असेना. छपरावरचा माणूस दिवा हळूहळू खाली सोडत जातो, माळ्यावरचा बघत जातो. आणि खालच्याने सारखं ओरडून विचारायचं, "पेटलाय?" वरच्याने आत बघून उत्तर द्यायचं, "पेटलाय." उत्तर आलं नाही तर थांबायचं. या विचारण्यावर तिचा फार कटाक्ष होता. इल्पोला सुरुवातीला हसू यायचं. माळ्यावरून तो मुद्दाम चर्चमधल्या सुरात "पेटलाय?" असं लांबवायचा, आणि वरून तुओवीची शिवी यायची, मग "पेटलाय".

त्या शरदात आल्लीआजीचं धुराडं पेटलं. आल्ली वेस्तेरिनेन ऐंशीच्या पुढची, टेकडीवरच्या घरात एकटी, सोबतीला एक काणं मांजर. तिची पावाची भट्टी अर्ध्या खोलीएवढी होती. शनिवारी तीत काळे पाव भाजायचे, मग आठवडाभर त्या उबेत, भट्टीवरच्या फळीवर झोपायचं, असं तिचं आयुष्य. धुराडं गरजायला लागलं तेव्हा ती मांजर काखेत मारून अंगणात जाऊन बसली आणि शांत झाल्यावर आत आली. तिनेच हौसेने सांगितलं, तुझं काम वाचवलं गं मी, सगळं जळून साफ झालंय. कॉफी ओतली, तुओवीच्या बटणाला बोट लावलं.

तुओवी छपरावर गेली, इल्पो माळ्यावर. तिने दिवा सोडला. "पेटलाय?" "पेटलाय." मग खालून काहीच आवाज येईना. बऱ्याच वेळाने इल्पो म्हणाला, मास्तर, तुम्हीच खाली या. तो छपरावर आला, तशी दोरी त्याच्या हातात देऊन ती माळ्यावर गेली. धुराड्याच्या एका अंगाला, भुशापासून छपरापर्यंत, उजेडाची वाकडी रेघ होती. तिच्यात बोट गेलं असतं.

अशा वेळी तुओवीला एकच करता यायचं. कागद लिहायचा, तो तालुक्याच्या आगबंबाच्या प्रमुखाकडे द्यायचा, भट्टी बंद. गवंडी वसंताच्या आधी येणार नव्हता, आणि नवं धुराडं बांधायचं म्हणजे त्या घराच्या किमतीपेक्षा जास्त. आल्लीआजीला हे सगळं ती कागद काढायच्या आतच कळलं.

"छोटा जाळ करीन मी, बाळ," ती म्हणाली. "वाळलेली चार लाकडं. कॉफीपुरती."

"धुराड्याला छोटा मोठा कळत नाही, आजी."

"तुला तर कळतं."

तुओवीने कागद लिहिला. दुसऱ्या आठवड्यात नगरपालिकेची गाडी येऊन आल्लीआजीला तालुक्याच्या वृद्धाश्रमात घेऊन गेली. मांजराला तिथे परवानगी नव्हती. तुओवी आणि इल्पो तिला भेटायला गेले. खोली चांगली गरम होती, ऊब भिंतीतल्या नळांतून यायची. आल्लीआजी भिंतीवर तळहात फिरवत होती. भट्टी कुठे ठेवलीय गं, तिने विचारलं. नाताळच्या आत ती गेली. शेवटपर्यंत तिने तुओवीला दोष दिला नाही, कारण शेवटी तिने तुओवीला ओळखलंच नाही.

दफन झाल्यावर तुओवी आपल्या जुन्या गाडीत जाऊन बसली, चावी फिरवायची विसरली आणि स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकून रडली. बापाच्या वेळीही ती अशी रडली नव्हती. इल्पो शेजारी बसून होता. मार्केत्ता मागच्या सीटवर होती, ती बाहेर बघत राहिली.

"तुम्ही बरोबरच केलंत, मास्तर," इल्पो म्हणाला.

"बरोबरच केलं," तुओवी म्हणाली. "ते मला सांगू नकोस. मला माहितेय."

गावाने मात्र यातून भलताच धडा घेतला. मास्तरला बोलवायचं म्हणजे घर जायचं, असं लोक बोलायला लागले. पूर्वी जळालेल्या धुराड्याच्या गोष्टी हसत सांगणारे आता विचारलं की कानावर हात ठेवायचे. आमच्याकडे? छे, कधीच नाही. आणि बटणाला हात लावायचंही हळूहळू थांबलं. मनात राग नव्हता कोणाच्या. समोरून मास्तर येताना दिसली की त्यांना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी काम निघायचं. तुओवीला ते लागलं. पण इल्पो आहे, तो या सगळ्यांत मिसळणारा आहे, त्याच्यापाशी बोलतील, अशी तिने मनाची समजूत घातली.

जानेवारीत, थंडी अगदी हाडात शिरली होती तेव्हा, इल्पोने तिच्याकडे कंदील मागितला. परीक्षेसाठी घरी सराव करतो म्हणाला. ती इतकी खूश झाली की तिने नवी वात घालून दिला. त्याने चुन्यात वाळू किती, माती किती, हेही पुन्हा एकदा विचारून घेतलं. तिला वाटलं, माणूस मनावर घेतोय. दोन दिवसांनी कंदील परत आला तो काच लख्ख पुसून. ज्याला त्याला ती सांगत सुटली की असा शिष्य बापालाही मिळाला नव्हता. इल्पोने ताकास तूर लागू दिली नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी, लोक चर्चमधून परतत असताना, इल्पोच्या छपरातून धूर दिसला. धुराड्यातून नव्हे, त्याच्या बाजूने, लाकडी फळ्यांमधून. मार्केत्ता पोरांना घेऊन बर्फात उभी होती. इल्पो बादली घेऊन माळ्यावर गेला होता. आगबंब यायला तालुक्यापासूनचं अंतर कापायचं होतं. तो येईपर्यंत छप्पर आत बसलं होतं, आणि इल्पो खाली आलाच नव्हता.

आग कशाने लागली ते सांगायचं काम तुओवीचंच. निखारे विझल्यावर ती गेली. घर संपलं होतं, मधोमध नुसतं धुराडं उभं, शिकवायला न्यायची तसंच. तिने शिडी लावली. पूर्वीच्या माळ्याच्या पातळीला, विटांवर, ताज्या चुन्याचं एक भरणं होतं. सांधा खरवडून, ओला करून, चुना आतपर्यंत दाबून भरलेला. तिने बोट फिरवून पाहिलं. उत्तम काम होतं. तिने जसं सांगितलं होतं अगदी तसं, आणि एवढ्या आगीतही ते धरून राहिलं होतं. त्याच्या वर हातभर अंतरावर, छपराच्या तुळईला लागून, दुसरी फट होती. तिच्या आतल्या अंगाला काजळी बसलेली होती. आताच्या आगीने पडलेली फट आतून कोरी असते. ही जुनी होती. हिच्यातून कित्येक दिवस धूर येत होता.

तुओवी खाली उतरली तेव्हा मार्केत्ता तिथे येऊन उभी होती, शेजारणीच्या कोटात. पोरं त्या शेजारणीकडेच होती. ती दोन दिवसांनी त्यांना घेऊन स्वीडनला दिराकडे जाणार होती. तुओवीने न विचारताच तिने सांगितलं. जानेवारीत धुराडं पेटलं होतं. लाकडं ओली मिळाली होती, वाळवायला वेळ नव्हता. इल्पोने हवा बंद करून ते विझवलं, पाण्याचा थेंब टाकू दिला नाही. मग कंदील आणला. एकट्यानेच वर बांधायचा, खाली येऊन बघायचा. मार्केत्ता म्हणाली, मी येते माळ्यावर, तर नको म्हणाला, तुला जितकं कमी माहीत तितकं बरं. एक फट सापडली, ती बुजवली. मग दिवा वर ओढून बांधला, पुन्हा खाली येऊन पाहिलं, सगळा अंधार. हसत घरात आला. एकच होती, म्हणाला.

"मला का नाही सांगितलं त्याने?" तुओवीने विचारलं. "मी खाली उभी राहिले असते. आम्हाला वरची फट दिसली असती."

"मग तुम्ही कागद लिहिला असतात?"

तुओवीला खोटं बोलता येत नव्हतं. "लिहिला असता."

मार्केत्ताने मान हलवली. "तो तेच म्हणाला. मास्तरला सांगितलं तर तिला लिहावाच लागेल. आल्लीच्या वेळी गाडीत ती कशी बसली होती ते तू पाहिलंस ना, म्हणाला. पुन्हा तिला ते करायला लावायचं नाही मला."

मार्केत्ताने कोट आवळून घेतला आणि ती रस्त्याला लागली. तिने वळून पाहिलं नाही, आणि पाहावं तरी का? दोघींपैकी कोणाकडेच दुसरीला द्यायला काही उरलं नव्हतं.

वसंत आला. परीक्षेला रासिवाराहून कोणी गेलं नाही. पुढच्या वर्षी हे काम तालुक्याकडे जाईल, तिथला माणूस जमेल तेव्हा येईल, असं नगरपालिकेने कळवलं. तोवर तुओवीच. हिवाळ्याची काजळी काढायला ती एकटीच घरोघर फिरायला लागली.

ताउनो नावाच्या एका शेतकऱ्याच्या घरी तिने ब्रश फिरवला तर खाली पडली ती काजळी हलकी, फुगलेली, हातात घेतली तर चुरा होणारी. पेटून गेलेली काजळीच अशी फुगते. तिने ती ओंजळीत धरून ताउनोला दाखवली.

"हे जळालंय, ताउनो. कधी?"

"छे, मास्तर. आमच्याकडे कधीच नाही."

"बरं. मग माळ्यावर चल. मी दिवा सोडते, तू फक्त बघ, उजेड दिसतोय का."

ताउनो म्हणाला, त्याची पाठ धरली आहे, शिडी चढवत नाही. त्याची पाठ उत्तम होती, तासाभरापूर्वी तो खताची गोणी उचलून नेत होता. त्याला बघायचं नव्हतं, एवढंच. त्याच्या बायकोने कॉफी पुढे केली आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तुओवीने कॉफी तशीच ठेवली. छपरावर चढली, कंदील पेटवला, धुराड्यात सोडला, दोरी वरच्या विटांना बांधली. मग गुडघे सांभाळत, एकेक पायरी थांबत खाली आली, घरात गेली, आतल्या शिडीने माळ्यावर चढली. झरोका बंद केला. धुराड्याभोवती फिरली, हाताने विटा चाचपत, खालपासून वरपर्यंत बघत. कुठेही रेघ नव्हती. सगळा अंधार.

क्षणभर तिला बरं वाटलं. इल्पोलाही असंच बरं वाटलं असणार. तो याच अंधारात उभा राहिला, हसला आणि खाली घरात गेला. विटा धड आहेत म्हणून अंधार आहे, की धुराड्यातल्या वाऱ्याने दिवा विझला म्हणून? वर जाऊन दिवा विझलेला सापडला तरी तो आत्ता विझला की मघाशी, हे कसं कळणार?

"पेटलाय?" तिने सवयीने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.